मागची कोरी पानं

कूलरचं गवत बदलायला माणूस आला की अजूनही मला परीक्षेची धडकी भरते. वास्तविक परीक्षेशी माझा संबंध संपून जमाना झाला. आधी दिल्या, मग शाळेत मराठी शिकवताना पस्तीस वर्षं घेतल्या, आणि आता नातीच्या बाटलीत लिंबूपाणी भरून देण्यापुरती उरले. पण होळी आली की तो माणूस येतो, गेल्या वर्षीचं कुजकं गवत उपसून अंगणात टाकतो, नवं भरतो, पाणी सोडून बघतो, आणि तो पहिला ओला वास घरभर पसरतो. त्या वासाबरोबर वाटतं, काहीतरी लिहायचं राहिलंय. पेपर देऊन बाहेर आलो आणि एक प्रश्न सोडवलाच नाही हे फाटकाशी आल्यावर आठवावं, तशी ती धडकी असते. लोकांची ती धडकी वयाबरोबर जाते म्हणतात. माझी गेली नाही, आणि का गेली नाही ते मला चांगलं माहीत आहे.

यंदा रेवा, माझी नात, बारावीला आहे. गेल्या आठवड्यात एका दुपारी बघितलं तर केमिस्ट्रीचं पुस्तक पुढ्यात उभं आणि त्याच्या आड मोबाइल आडवा. दोन्ही अंगठे भराभरा चाललेले.

"काय लिहून राहिली?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही एवढ्या जोरात कोणी लिहीत नाही."

पकडली गेल्यावर ती हसली आणि सांगायला लागली. मोबाइलवर ती एक मालिका बघायची. शेवटच्या भागात नायिकेच्या मैत्रिणीला मारून टाकलं, ते रेवाला पटलं नाही. म्हणून तिनं त्या मुलीला जिवंत केलं आणि पुढची गोष्ट स्वतःच लिहायला घेतली. याला फॅनफिक म्हणतात. त्याच्या वेबसाइट असतात, तिथे जगभरची पोरं दुसऱ्यांच्या गोष्टी पुढे ओढत नेतात. कोणी खलनायकाला सुधारतं, कोणी या गोष्टीतला नायक नेऊन त्या गोष्टीतल्या नायिकेशी जुळवतं, कोणी स्वतःच गोष्टीत शिरतं. खाली वाचणारे कमेंट टाकतात आणि पुढचा भाग कधी म्हणून जीव खातात. खऱ्या नावानं कुणी लिहीत नाही.

"हे सगळं नवीन आहे आजी. तुला नाही कळणार."

माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, नेसून विटलेल्या साड्यांच्या खाली एक पुस्तक आहे. ते कुणाला दाखवायचं धाडस मला कधी झालं नव्हतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. धरमपेठेत आमच्या घरापासून चार घरं सोडून नानाजींची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे दुकानाएवढी एक खोली, तीन भिंतींना मांडण्या, दारात टेबल आणि टेबलामागे स्वतः नानाजी. नवीन पुस्तक आलं की नानाजी आधी त्याचं रंगीत मुखपृष्ठ फाडून काढायचे. बघवत नसे. मग ते बाइंडरकडे जाई आणि येताना जाड पुठ्ठा, पाठीला खाकी कापड आणि पुढे-मागे चार-चार कोरी पानं शिवून येई. कोरी पानं कशाला, तर हाताळणीचा मार त्यांनी खावा, छापलेली पानं वाचावीत.

पण नागपूरच्या माणसाला कोरी जागा दिसली आणि त्यानं मत मांडलं नाही असं होत नाही. त्या पानांवर लोक लिहायचे. 'टाइमपास.' 'शेवट आधीच समजतो.' 'हिरोची आई आठव्या प्रकरणात मेली, बाराव्यात चहा करते, हे कसे?' त्याखाली दुसऱ्या शाईत, 'ती मावशी आहे, नीट वाचत जा.' नाव कुणी घालत नसे. सभासद क्रमांक घालायचे. कोण कुणाला काय म्हणाला ते फक्त नानाजींच्या रजिस्टरला ठाऊक. नानाजी आधी चिडायचे, मग थकले, आणि नंतर नंतर पुस्तक परत आलं की स्वतःच आधी मागची पानं वाचायला लागले.

त्या वर्षी मी बी. ए. फायनलला होते. मार्च लागला होता. दुपारी खिडकीला वाळ्याची ताटी लावून आई तिच्यावर पाणी मारायची, आणि मी त्या हिरव्या अंधारात राज्यशास्त्राच्या वहीखाली कादंबरी ठेवून वाचायची. कादंबरीचं नाव सांगत नाही. आज ती कुठे मिळायचीही नाही. त्यात कालिंदी नावाची एक सून होती. लेखकानं अडीचशे पानं तिला सासरी छळलं, उपाशी ठेवलं, घराबाहेर उभं केलं, आणि शेवटच्या पानावर नवऱ्याच्या पायांशी प्राण सोडायला लावला. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून मरता मरता त्याला क्षमाही करायला लावली.

माझं डोकं फिरलं. अभ्यास राहिला बाजूला. मी पेन उघडलं आणि मागच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'कालिंदी मेली नाही.'

मग थांबवेना. कालिंदी पहाटे उठली, ट्रंक उचलली, एस. टी. स्टँडवर आली, बापाच्या गावाच्या गाडीत बसली. गावच्या रस्त्यावर पळस फुलला होता. बाप ओसरीवर बसला होता, लेकीला बघून तो उठला आणि एकही प्रश्न न विचारता त्यानं तिच्या हातातली ट्रंक घेतली. लेक लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली की आई भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते आणि मगच उंबऱ्याच्या आत घेते. कालिंदीच्या आईनंही तसंच केलं. 'पुन्हा एकदा पहिल्यांदाच आली माझी लेक,' असं एक वाक्य मी तिच्या तोंडी घातलं आणि स्वतःच रडले. तीन पानं बारीक अक्षरात भरली. खाली लिहिलं, 'एक वाचक.'

माझं वय वीस होतं. मी माहेरीच होते, सासर म्हणजे काय ते मला कादंबरीतून माहीत होतं. आणि माझे बाबा असे होते की मी अर्ध्या रात्री जरी ट्रंक घेऊन आले असते तरी त्यांनी आधी जेवलीस का विचारलं असतं. सगळे बाप तसेच असतात असं मला वाटत होतं.

नानाजींनी ते पाहिलं तेव्हा लायब्ररीत वादळ झालं. "कोण हाय हा एक वाचक? पुस्तकाची वाट लावून टाकली ना बाप्पा!" मी आणि माझी मैत्रीण मीना मांडणीकडे तोंड करून ओठ चावत उभ्या होतो. आमच्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पण पंधरा दिवसांत नानाजींचा आवाज खाली आला. ते पुस्तक मांडणीवर ठरेचना. एकाकडून आलं की दुसरा न्यायला उभा. बायका सांगून ठेवायच्या, "ते मागं हातानं लिहिलेलं द्या." पुढच्या वेळी बाइंडरकडून पुस्तकं आली तेव्हा त्यांना मागे चार नाही, सोळा कोरी पानं होती.

आणि मग साथ आली. एकानं हेरकथेतल्या दरोडेखोराचं बालपण लिहून काढलं आणि त्याला असं गरीब केलं की शेवटी इन्स्पेक्टरचाच राग यावा. कुणी दोन वेगवेगळ्या कादंबऱ्यांतल्या विधुर आणि विधवेचं लग्न लावून दिलं, सीताबर्डीच्या कार्यालयात, पंगतीच्या पदार्थांसकट. एका सभासदाच्या प्रत्येक गोष्टीत शेजारी एक गोरी, हुशार, धरमपेठेत राहणारी मुलगी राहायला यायची आणि नायक हमखास तिच्या प्रेमात पडायचा. ती कोण ते आम्ही सगळ्यांनी ओळखलं होतं. खाली लोक लिहायचे, 'पुढचे लौकर लिहा.' 'परीक्षा काय दर वर्षी असते, गोष्ट लिहा.' नव्वद नंबरचे एक गृहस्थ मात्र प्रत्येक हस्तलिखिताखाली उपदेश करायचे. 'मुलींनी अभ्यासात लक्ष घालावे. अशी माहेरे फक्त कागदावर असतात.' म्हातारबुवा निवृत्त होते हे आम्ही रजिस्टरात चोरून बघितलं होतं, आणि तेव्हापासून नंबर घालून टोचून लिहिणारा प्रत्येक माणूस आम्हाला निवृत्त म्हातारबुवाच वाटायचा.

रेवाला मी हे नव्वद नंबरचं सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "आमच्याकडेही आहेत असे!" म्हणाली. हसण्यावारी नेण्यासारखं तेवढंच होतं.

एप्रिलच्या तोंडावर कालिंदीचं पुस्तक परत आलं. माझ्या गोष्टीखाली पेन्सिलीनं, गोल आणि जपून काढलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कालिंदीले घरात घेतलं. असं खरंच घेतात काय? - १६३.'

मीनानं रजिस्टर बघितलं. एकशे त्रेसष्ट नंबरवर एका गृहस्थांचं नाव होतं, पुढे निवृत्त असं लिहिलेलं, पत्ता नंदनवनचा. "आणखी एक नव्वद नंबर," मीना म्हणाली, "नंदनवनातला. आणि 'कालिंदीले' बघ ना!" आम्ही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. घरात आईबाबा 'मले तुले' बोलले की त्यांना टोकणाऱ्या, कॉलेजात तोंड वाकडं करून पुण्यासारखं बोलायचा प्रयत्न करणाऱ्या आम्ही पोरी. एक म्हातारा आपली टर उडवून राहिला, तर त्याला चांगलं उत्तर दिलंच पाहिजे असं आम्हाला वाटलं. मी पेन घेतलं आणि झोकात लिहिलं, 'घेतात तर! भाकरतुकडा ओवाळून, पायांवर पाणी घालून घेतात. जाऊन तर बघा!'

मीनानं टाळी दिली. पुस्तक गेलं.

घरोघर पुस्तकं पोचवायला नानाजींचा गणपत होता. पन्नाशीचा, शिडशिडीत, सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्या. आठवड्यातून दोनदा तो पार नंदनवनपर्यंत जायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणतं पुस्तक कोणाच्या घरात आहे हे तो पुठ्ठ्याच्या रंगावरून सांगायचा.

माझे पेपर सुरू झाले. दोन पेपर झाल्यावर मध्ये चार दिवस सुट्टी होती. डोकं मोकळं करायला म्हणून मी सकाळी लायब्ररीत गेले. टेबलावर गणपतनं आणलेला गठ्ठा पडला होता, त्यात खाकी पाठीचं ते पुस्तक. हसायची तयारी करूनच मी मागचं पान उघडलं.

माझ्या त्या झोकदार ओळीखाली तीच गोल पेन्सिल होती. 'भाकरतुकडा ओवाळला नाही. चवथ्या दिवशी भाऊ परत पोचवून गेला. - १६३.'

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलंच नाही. निवृत्त म्हाताऱ्याला कोणता भाऊ पोचवून जातो?

"गणपतराव," मी विचारलं, "हे एकशे त्रेसष्ट नंबरवाले आजोबा कसे आहेत?"

"आजोबा?" तो पिशवी झटकत म्हणाला. "त्याइले कुठं वाचता येते वं बाई? दोन्ही डोयात मोतीबिंदू हाय. नाव तेवढं त्याइचं. वाचते त्याइची सून. हे पुस्तक तं तिनं चारदा मांगलं. आज पुन्हा म्हणे, तेच आणा, मागं काही लिहिलं असन तं पाहाचं हाय."

इतकी साधी गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. आमच्या घरी तरी काय होतं? सभासद बाबा आणि वाचणारी मी. मीनाच्या घरी तेच. अर्ध्या नागपुरात पुरुषाच्या नंबरावर बायका वाचत होत्या. आम्ही स्वतः वाचत होतो. तरी रजिस्टरातलं नाव बघितलं आणि पेन्सिल म्हाताऱ्याच्या हातात देऊन मोकळ्या झालो.

"आज हे मी देऊन येते," मी गणपतला म्हटलं. त्याला काय, तेवढंच ऊन वाचलं.

धरमपेठ ते नंदनवन सायकलनं मी पहिल्यांदाच जात होते. दहा वाजताच उन्हाचा चटका लागत होता. तोंडाला ओढणी बांधलेली, घशाला कोरड, आणि मनात वाक्यं जुळवत होते. माफ करा, मी तुम्हाला दुसरं कुणी समजले. माफ करा, ती थट्टा होती. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा घाण वाटत होतं.

घर साधं, बैठं होतं. अंगणात बाजेवर धोतर पसरलेलं आणि त्यावर तिच्या सासूबाई गव्हाचे सरगुंडे, काडीवर वळलेल्या जाड शेवया, वाळत घालत होत्या. राक्षसीण बघायची तयारी करून गेले होते. होत्या एक गोल चेहऱ्याच्या, बोलघेवड्या बाई. "लायब्ररीतली काय? ये वं माय, बस सावलीत. किती तापली!" असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "सिंधू, पाणी आण." आणि पाणी येईस्तोवर, परक्या पोरीला, हसत हसत सांगून टाकलं, "हे पुस्तकं काही कामाचे नाई पाय. वाचून वाचून डोस्कं फिरलं इचं. परवा पयाली कुहीले, बापाच्या घरी. भावानंच आणून सोडली. म्हणे, दिल्या घरी ऱ्हाय. चांगले लोकं हायेत बिचारे."

सिंधू पाणी घेऊन आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. उजव्या हातात डझनभर बांगड्या होत्या. डाव्या हातात एकच होती, आणि मनगटावर काचेनं ओरखडे काढलेले, काही वाळलेले, काही नवे. मी पाण्याचा पेला घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या स्वयंपाकघरात बस जा, तिथं थंड हाय."

आत गेल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि पुस्तक घेतलं. पहिलं पान उघडलं नाही. थेट मागचं उघडलं. आपल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खाली बघितलं. खाली कोरं होतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमीच लिवता काय हे?"

एवढी सायकल मारत गेले होते ते हो म्हणायलाच. पण तिचा डावा हात पुस्तकावर होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. मी फक्त पोचवते."

"कोन लिवते माहीत हाय?"

"नाही."

तिनं मान हलवली. राग नव्हता, खोटं पकडल्याचंही काही नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं. पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं आणि दाराकडे बघत हळूच म्हणाली, "मंग घेऊनच जा. लिवनारी कोन असन तिले शोधून द्या. तिले सांगजा, पुढचं लिव म्हना. बापानं नाई घेतलं तं कालिंदीनं कुठं जाव, तेवढं लिव म्हना. लिवून झालं का मले आणून देजा."

बाहेर सासूबाईंनी विचारलं, "काय वं, पुस्तक नाई ठेवलं?" सिंधू म्हणाली, "वाचलेलं हाय."

ते पुस्तक घेऊन मी घरी आले. पुढचे तीन दिवस राज्यशास्त्राच्या वहीखाली ते होतं आणि माझ्या हातात पेन होतं. कालिंदी बापाच्या दारातून परत फिरली, इथपर्यंत वहीत कच्चं लिहिलं. पुढे कुठे? नोकरीला? सातवी शिकलेल्या बाईला कोण नोकरी देतं आणि पहिल्या दिवशी ती राहते कुठे? वसतिगृहात? तिथे पालकाची सही लागते हे मला माझ्या मैत्रिणींमुळे ठाऊक होतं. बायकांसाठी एखादा आश्रम असतो असं ऐकलं होतं, पण कुठे, कसा, आत गेलेली बाई पुढे काय करते, काही माहीत नव्हतं. बाबांना विचारायला गेले तर ते म्हणाले, "पेपर कशाचा आहे तुझा?" मी म्हटलं, राज्यशास्त्राचा. नागरिकाचे मूलभूत हक्क मला तोंडपाठ होते.

एरवी कालिंदीला मी कुठेही पाठवलं असतं. कलेक्टर केली असती. पण आता मी लिहिलेल्या रस्त्यानं एक बाई खरोखर चालणार होती, एकदा चालून आलीही होती, आणि त्या रस्त्याच्या टोकाला काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, खोडलं, पान फाडलं. शेवटी मनाला सांगितलं, परीक्षा होऊ दे, मग लिहू. परीक्षेच्या दिवसांत असलं कारण कुणालाही पटतं. मलाही पटलं.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी लायब्ररीत गेले. गणपत म्हणाला, "ते एकशे त्रेसष्टवाले बंद झाले वं बाई. सासू म्हणे, घरी पोरी येतात लायब्ररीतल्या, सुनेले आतमध्ये घेऊन बोलतात. नाव कमी करा म्हणे."

पोरी म्हणजे मी. थट्टेनं तिला घराबाहेर काढलं, आणि माफी मागायला जाऊन तिची पुस्तकंही बंद केली. त्या दारात पुन्हा जायची हिंमत झाली नाही. जाऊन तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतंही. पुस्तक मात्र नानाजींना किंमत भरून मी ठेवून घेतलं. मी सेकंड क्लासमध्ये पास झाले, पेढे वाटले, पुढे शिक्षिका झाले. खूप वर्षांनी निवडणुकीच्या कामावर कुहीला ड्युटी लागली. धानाच्या बांधांवरून बायका मतदानाला येत होत्या आणि मी प्रत्येकीच्या बोटाला शाई लावताना आधी मनगट बघत होते. सिंधू नावाच्या चार निघाल्या. त्यातली एकही ती नव्हती. आणि असती तरी मी काय बोलले असते?

परवा संध्याकाळी, फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी, रेवा मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. वैतागून आली होती. तिनं जिवंत केलेली ती मैत्रीण ताज्या भागात घरी आईबाबांना सगळं खरं सांगते, आणि ते तिला जवळ घेतात. खाली कुण्या मुलीनं, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, लिहिलं होतं, 'घरी सांगितलं तर खरंच असं होतं का?'

"आता हिला काय सांगू आजी? हार्ट टाकून देते झालं. उद्या पेपर आहे."

मी उठले. गुडघे धरून कपाटाशी बसले, साड्या बाजूला केल्या आणि ते खाकी पाठीचं पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हसलो तेही सांगितलं. 'मी फक्त पोचवते' तेही सांगितलं.

रेवानं त्या पेन्सिलीच्या दोन ओळी वाचल्या. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे आजी, तू लहान होतीस. तसं सगळेच म्हणतात, मीही स्वतःला म्हणून बघितलंय. ती म्हणाली, "पण तू तिला काहीच विचारलं नाहीस?"

"काय विचारणार?"

"हेच की, तुझं काय चाललंय. तिनं दोनदा लिहिलं, पुन्हा घरात बोलली. तू एकदाही काहून नाही विचारलं?"

इतकी वर्षं मी उत्तर शोधत होते. माझ्याकडून राहिला होता तो प्रश्न, हे सतरा वर्षांच्या पोरीला एका बैठकीत कळलं. मी म्हटलं, "सुचलं नाही."

तिनं हार्ट टाकलं नाही. माझ्यासमोरच लिहिलं, 'गोष्टीतलं सोड. खरं काय होतं ते मला माहीत नाही. तू कुठे आहेस? तुझ्या घरी काय चाललंय? मला लिही.'

काल सकाळी तिला सेंटरवर सोडायला गेले. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो माझ्या हातात देत ती म्हणाली, "तिचं उत्तर आलं तर लगेच विचार, ठीक आहेस का. बाकी मी बघते." आणि पळाली.

फाटकासमोर कडुनिंब होता. खाली गळलेल्या पानांचा थर, वर तांबूस पालवी. पालक सावली धरून बसले होते, कोणी पोथी काढली होती, कोणी पंख्यासारखी जुनी प्रश्नपत्रिका हलवत होतं. मी मांडीवर मोबाइल ठेवून बसले. तो सारखा उजळायचा आणि प्रत्येक वेळी मी वाकून नाव बघायची. पुढचा भाग कधी. पुढचा भाग कधी. ते आकड्यांचं नाव काही आलं नाही. दोन तास झाले. ती मुलगी कुठल्या गावात असेल, तिच्या हातात मोबाइल तिचा असेल की दुसऱ्याचा, आत्ता तिच्याशेजारी कोण उभं असेल, असं सगळं मनात येत होतं.

मग मी पिशवीतून ते पुस्तक काढलं. घरून निघताना का घेतलं ते सांगता येणार नाही. मागचं पान उघडलं. पेन्सिल फिकी झालीय, पण वाचता येते. तिच्या ओळीखाली तिनं बोट ठेवलं होतं तिथून पुढे कोरं. मी पेन उघडलं.

'सभासद क्रमांक १६३ यांस. तुमच्या स्वयंपाकघरात उभी होती ती आणि लिहिणारी, दोघी एकच. मी खोटं बोलले. जाऊन तर बघा असं मी थट्टेत लिहिलं होतं, तुम्ही कोण ते मला ठाऊक नव्हतं. पुढचं मला तेव्हा लिहिता आलं नाही. सिंधूताई, तुम्ही कुठे गेलात?'

सवयीनं 'एक वाचक' लिहायला हात वळला. मी थांबले आणि खाली माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

घंटा झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला, त्यातून घामाघूम रेवा माझ्याकडे धावत आली. पेपर कसा गेला हे मी विचारायच्या आधी तिनंच विचारलं, "आलं?"

"अजून नाही," मी म्हटलं. शाई अजून ओली होती, म्हणून पुस्तक तसंच उघडं धरून रिक्षात बसले.